मेटलच्या रेकॉर्ड्स आणि पुस्तकं ऑनलाइन घेताना काय बघता?

मेघगर्जना
मंडळी, टर्नटेबल घरात आलंय, ॲम्प आहे, स्पीकर आहेत. आता रेकॉर्ड्स घ्यायच्या आहेत आणि तिथेच गाडी अडलीय. एकच अल्बम शोधला तरी ढिगाने पर्याय समोर येतात. एक म्हणतो मूळ प्रेसिंग, दुसरा म्हणतो १८० ग्रॅम, तिसऱ्याची रेकॉर्ड लालभडक, चौथ्याकडे नुसतंच 'इम्पोर्ट'. फोटो मात्र सगळ्यांचा तोच, कुठून तरी उचललेला. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मेटलमधली माझी आवड म्हणाल तर ऐंशीच्या दशकातलं थ्रॅश, नव्वदीतलं डेथ मेटल आणि चवीपुरतं डूम. शिवाय या संगीताबद्दलची पुस्तकंही हवी आहेत, नुसत्या चकचकीत फोटोंची नकोत. पैसे भरण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता? 'अमुक साइट चांगली आहे' एवढ्यावर सोडू नका, जरा सविस्तर लिहा.

जुनी सुई
धागा छान काढलात. अल्बमचं नाव टाकून समोर येईल ती रेकॉर्ड कार्टात टाकायची नाही, आधी प्रेसिंग, म्हणजे कधीची आणि कुठली छपाई, ते ओळखायचं. त्यासाठी डिस्कॉग्स. केविन लेवांडोव्स्की यांनी २००० साली ही साइट काढली ती इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणून; खरेदी-विक्री पुढे आली. आजही मला तिथल्या बाजारापेक्षा सूचीच जास्त उपयोगी पडते. देश, साल, लेबल (रेकॉर्ड कंपनी), कॅटलॉग नंबर यातलं काहीही बदललं की वेगळं पान, आणि रनआउटमध्ये काय कोरलंय तेही बहुतेक पानांवर दिलेलं असतं.

रनआउट म्हणजे शेवटचं गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते ती. रेकॉर्ड तिरकी धरा, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा, की अक्षरं उठून दिसतात. काही ठशाने मारलेली, काही हाताने कोरलेली, वाकडीतिकडी, मध्येच एखादा आकडा खोडून शेजारी दुसरा घातलेला. त्यात कॅटलॉग नंबर असतो, बाजू असते, छपाईची मूळ तबकडी कितव्यांदा कापलीय ते असतं आणि कधी कटिंग इंजिनिअरची, म्हणजे ती कापणाऱ्याची, खूणही असते: बॉब लडविग यांचं 'आरएल', जॉर्ज पेकहॅम यांचं 'पोर्की'. कव्हर आणि लेबल पुन्हा हुबेहूब छापता येतं, रनआउटची नक्कल सहसा कुणी इतक्या कष्टाने करत नाही. विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंच्या रनआउटचे फोटो मागा. 'ओरिजिनलच आहे हो, विश्वास ठेवा' म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम.

अर्धवटराव
पण लेबलवर १९८६ असं स्पष्ट छापलेलं असतं की. मग एवढा टॉर्च कशाला मारायचा?

जुनी सुई
ते साल ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं. गेल्या वर्षी छापलेल्या रीइश्यूवरही १९८६ दिसू शकतं. त्यामुळे टॉर्च मारावाच लागतो, अर्धवटराव.

सातवी तार
प्रेसिंग ठरलं की मग प्रत. ग्रेडिंग बहुतेक ठिकाणी गोल्डमाइन पद्धतीचं असतं: मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), मग गुड आणि त्याखाली फेअर-पुअर. नवख्या माणसाला 'गुड' वाचून हायसं वाटतं, प्रत्यक्षात ती रेकॉर्ड ऐकण्यापेक्षा भिंतीवर टांगायला बरी. मी व्हीजी प्लसच्या खाली उतरत नाही. कव्हरची ग्रेड वेगळी लिहिलेली असते, तीही वाचा. कव्हर निअर मिंट आणि आतली रेकॉर्ड व्हीजी असा जोडा सर्रास लावलेला दिसतो.

मेटलवाल्यांसाठी खास सांगायचं तर ओरखडे डोळ्यांना दिसतात, झीज दिसत नाही. जड, घासलेल्या सुईखाली वर्षानुवर्षं वाजलेली रेकॉर्ड फोटोत लखलखीत दिसते. वाजवली की सिंबल चिरकतात आणि गायकाचा प्रत्येक 'स' थुंकीसारखा उडतो. ऐंशीच्या दशकातल्या थ्रॅशच्या प्रती कुणी मखमलीत ठेवून ऐकलेल्या नाहीत, हे गृहीत धरा. म्हणून एक प्रश्न विचारायचाच: वाजवून ग्रेड केली आहे की नुसती बघून?

अर्धवटराव
थ्रॅशमध्ये सिंबल चिरकले काय आणि नाही चिरकले काय, शेजाऱ्यांचं मत बदलत नाही.

सातवी तार
:) पण डूमवाल्यांना कळतं. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम घ्या, १३ फेब्रुवारी १९७० चा. सुरुवातच पावसाने, मेघगर्जनेने (धागाकर्तीला सप्रेम) आणि दूरच्या घंटेने होते. व्हीजी प्रतीत पाऊस कुठला आणि खरखर कुठली ते सांगून दाखवा.

डबलबास
जुनी सुई यांचं रनआउट पुराण मान्य, पण 'मूळ प्रेसिंग म्हणजे उत्तम' हा जो सूर लागतो तो नव्वदीतल्या मेटलला लागू पडत नाही. मेघगर्जना, तुमची यादी पाहता हे महत्त्वाचं आहे.

विनाइलच्या एका बाजूवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या (आरपीएम) वेगाने साधारण २०-२२ मिनिटं सुखाने मावतात. त्यापुढे गेलं की खाचा जवळजवळ बसवाव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी कमी करायची आणि बास छाटायचा. बेस ड्रम आणि खालच्या सुरात उतरवलेल्या गिटारी सगळ्यात जास्त जागा खातात, आणि मेटलमध्ये असतं तेच. स्लेयरचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' २९ मिनिटांच्या आत आटोपतो, म्हणून तो एका रेकॉर्डवर ऐसपैस बसतो आणि दणकून वाजतो. त्याच वर्षीचा मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' पाऊण तासाहून कितीतरी मोठा, ५४ मिनिटांच्या पुढे, आणि मुळात एकाच रेकॉर्डवर. कितीही निष्णात हाताने कापला तरी भूमिती बदलत नाही. तोच पुढे ४५ आरपीएमच्या दोन रेकॉर्ड्सवर पसरून निघाला तेव्हा त्याला श्वास घेता आला.

त्यात आणखी एक भानगड. रेकॉर्ड फिरते एकाच गतीने, पण सुईखालून सरकणारी खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंमी जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१ सेंमी. तेवढ्याशा जागेत सिंबलची सगळी कंपनं कोंबायची. म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं जरा फाटल्यासारखं येतं. तुमच्या आवडीचं गाणं बाजूच्या शेवटी आहे का, एवढं ट्रॅकलिस्टमध्ये आधी बघून घ्या.

आता नव्वदीकडे या. तेव्हा सगळे सीडीकडे वळलेले. अल्बम सीडीच्या हिशेबाने लांबलेले, आणि विनाइल निघालंच तर थोड्या प्रतींत, एका रेकॉर्डवर दाबून बसवलेलं. म्हणून १९९२ ते २००० मधल्या मूळ मेटल एलपी दुर्मिळ आणि महाग. ती किंमत दुर्मिळपणाची आहे, तिचा आवाजाशी संबंध असेलच असं नाही. ऐकायचं असेल तर नीट केलेला दोन रेकॉर्ड्सचा रीइश्यू घ्या. इअरेक या लेबलची 'फुल डायनॅमिक रेंज' मालिका बघा, जुन्या टेपवरून, आवाज न दाबता केलेली आहे.

जुनी सुई
'उत्तम' असं मी कुठे म्हटलं? ओळखा म्हटलं. बाकी नव्वदीबद्दल सहमत. ऐंशीच्या बाबतीत मात्र नाही. तेव्हाचं मेटल विनाइलसाठीच मिसळलेलं होतं, आणि नॉइज, म्युझिक फॉर नेशन्स, रोडरनर या लेबलांच्या साध्या युरोपीय प्रती आजही वाजवी किमतीत भरपूर मिळतात. रीइश्यू पुष्कळदा त्या प्रतींपेक्षा महाग असतो आणि कशावरून केलाय ते धड लिहिलेलंही नसतं. 'रीमास्टर्ड' हा शब्द दिसला की कोणी केलं, कशावरून केलं, हे शोधा. नावच दिलं नसेल तर समजून जा.

युगोस्लाव्हियाच्या युगोटोन कंपनीने परवाना घेऊन काढलेल्या प्रती हासुद्धा माझा आवडता कोपरा आहे. लोकांचं लक्ष ब्रिटिश, अमेरिकन आणि ओबी पट्टी (कव्हरभोवतीची कागदी पट्टी) असलेल्या जपानी प्रतींवर असतं, त्यामुळे या मागे पडून राहतात.

काळोखे
डीआर डेटाबेस (डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक किती उरलाय, ते आकड्यात देणारी सूची) कसा विसरलात? विनाइलला १२ आणि सीडीला ६ दिसलं की डोळे झाकून विनाइल घ्यायचं. सोपं काम.

डबलबास
डोळे उघडे ठेवा. विनाइल कापताना आणि वाजवताना खालच्या पट्टीची आणि फेजची जी उलथापालथ होते तिने लाटांची टोकं वर उचलली जातात. मीटर ते मोजतं आणि फसतं. अगदी तीच दाबलेली फाइल विनाइलवर कापली तरी आकडा वाढतो. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' आठवतो ना? मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनीच कळवलं होतं की मिक्स हातात आलं तेव्हाच ते चेपलेलं होतं. तिथे विनाइल काय, काहीही काढा, चेपलेलं ते चेपलेलंच.

१८० ग्रॅमचंही तसंच. जाड रेकॉर्ड हातात भारी लागते, कमी वाकते म्हणतात, पण खाच तेवढीच खोल असते. १४० ग्रॅमची चांगली कापलेली रेकॉर्ड १८० ग्रॅमच्या वाईटाला सहज मागे टाकते.

काळोखे
बरं, डीआर मागे घेतो, पण बूटलेगबद्दल, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या नकली प्रतींबद्दल, माझं ऐका, कारण ब्लॅक मेटलवाल्यांना तो रोजचा त्रास आहे. मेहेमचा १९८७ चा 'डेथक्रश' मुळात १००० प्रतींचा. आज तो नावाने शोधा, इतक्या 'मूळ' प्रती सापडतील की मोजदाद सोडून द्याल. डिस्कॉग्सवर 'अनऑफिशियल' म्हणून नोंदलेली रेकॉर्ड विकायला बंदी आहे, नोंद फक्त माहितीसाठी असते. त्यामुळे नकली माल दुसऱ्या बाजारांत जातो आणि तिथे 'इम्पोर्ट', 'लिमिटेड कलर', 'ईयू प्रेसिंग' अशा नावांनी फिरतो. कव्हरवरचा लोगो नीट बघा. स्कॅन करून छापलेला असेल तर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मागच्या बाजूचं हक्कांचं वाक्य वाचता येत नाही, लेबलचा पत्ता गायब असतो. आणि बॅंडच्या डिस्कोग्राफीत असं प्रेसिंग आहे का ते मेटल आर्काइव्ह्जवर ताडून बघा. २००२ पासून चाललेली साइट आहे, दुकान नाही, त्यामुळे तिला तुम्हाला काही विकायचं नसतं.

मेघगर्जना
बापरे, वही काढून बसलेय. रंगीत रेकॉर्ड्सचं काय? लेबलच्या पानावर 'काळा-सोनेरी स्प्लॅटर, ३०० प्रती, शेवटच्या काही शिल्लक' असं दिसलं की हात शिवशिवतात.

अर्धवटराव
त्यासाठीच ते लिहितात! त्याच अल्बमचे पांढरा, धुरकट, मार्बल, 'डाय-हार्ड' असे आणखी रंग असतात, प्रत्येकाच्या ३०० प्रती. दुर्मिळपणा असा घाऊक भावात मिळतो.

सातवी तार
साधा रंगीत चालतो, हल्ली काळ्यात आणि त्यात फारसा फरक लागत नाही. स्प्लॅटर कधी बरा, कधी चरचरणारा. पिक्चर डिस्क मात्र बघण्यासाठीच घ्या: चित्रावर पातळ पारदर्शक थर असतो आणि खाचा त्यात, म्हणून खालची सळसळ ऐकू येते. अंधारात चमकणाऱ्यांचीही तीच रड.

नवीन रेकॉर्ड्स शक्यतो थेट लेबलकडून किंवा बॅंडकॅम्पवर बॅंडकडून घ्या. मार्च २०२० पासून ते अधूनमधून 'बॅंडकॅम्प फ्रायडे' ठेवतात, त्या दिवशी साइट आपला वाटा सोडते. छोट्या बॅंडची रेकॉर्ड त्या दिवशी घेतलेली बरी. बहुतेकदा सोबत डाउनलोडही मिळतं, म्हणजे पार्सल येईपर्यंत ऐकणं सुरू. सीझन ऑफ मिस्ट, ऑस्मोझ, रिलॅप्स, न्यूक्लिअर ब्लास्ट यांची स्वतःची दुकानं आहेत. ऑस्मोझसारखे दुसऱ्या लेबलांचा मालही ठेवतात, त्यामुळे एकाच पार्सलमध्ये चार गोष्टी मागवता येतात.

प्री-ऑर्डरची तारीख मात्र मनावर घेऊ नका. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्स कारखाना जळाला. रेकॉर्ड कापायला लागणाऱ्या लॅकर तबकड्या बनवणारे जगात दोनच मोठे होते, उरलं जपानमधलं एक. त्यात महामारी आणि वाढती मागणी. पुढची दोनेक वर्षं तारखांचा नुसता खेळ झाला. मेटॅलिकाने तर २०२३ मध्ये फर्नेस या प्रेसिंग कारखान्यात मोठा हिस्साच विकत घेतला.

पुस्तकी किडा
आता जरा पुस्तकांकडे वळा, निम्मा धागा आमचाही आहे.

इथेही रेकॉर्डसारखंच आहे, आवृत्ती ओळखा. डीना वाइनस्टाइन यांचं मेटलवरचं समाजशास्त्रीय पुस्तक १९९१ मध्ये एका नावाने आलं आणि २००० मध्ये सुधारून दुसऱ्या नावाने. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवणारे वाचक मी पाहिलेत. अल्बर्ट मड्रियन यांचा डेथ मेटल आणि ग्राइंडकोरचा इतिहास 'चूझिंग डेथ' २००४ चा, पण २०१६ ची वाढवलेली आवृत्ती घ्या, जुनी स्वस्त दिसली तरी. रॉबर्ट वॉल्सर यांचं १९९३ चं 'रनिंग विथ द डेव्हिल' मेटलच्या गिटारवाद्यांनी विवाल्डी-बाखकडून काय घेतलं ते स्वरांसकट दाखवतं. या यादीतलं एकच घ्यायचं असेल तर मी ते घेईन. तुमच्या नव्वदीसाठी डॅनिएल एकेरॉथ यांचं स्वीडिश डेथ मेटलवरचं.

'३३⅓' ही एकेका अल्बमवरच्या छोट्या पुस्तकांची मालिका २००३ पासून चालू आहे. पण प्रत्येक पुस्तक इतिहास नसतं. ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वरचं जॉन डार्नियल यांचं पुस्तक चक्क कथा आहे, मनोरुग्णालयात ठेवलेल्या एका किशोराच्या नोंदी. मला ते फार आवडतं. स्टुडिओत काय घडलं ते वाचायला मिळेल म्हणून घेणारे वैतागून एक तारा देतात. म्हणून तारे मोजू नका, एक तारा का दिलाय ते वाचा.

जुन्या पुस्तकांसाठी एबबुक्स, आणि अनेक दुकानांतल्या प्रती एकत्र बघायला बुकफाइंडर. आयएसबीएन टाकून शोधा, नावाने नको. डिस्कॉग्सवाल्यांनी पुस्तकांसाठी बुकॉग्स काढलं होतं, ते २०२० मध्ये बंद केलं, नाहीतर आवृत्त्या ताडायला फार सोयीचं होतं.

वाचनमात्र_होतो
किडा, हल्ली मोठ्या साइट्सवर बॅंडच्या चरित्रांचा जो पूर आलाय त्याबद्दलही लिहा ना.

पुस्तकी किडा
लिहिणारच होतो. गायक वारला किंवा बॅंडचा निरोपाचा दौरा जाहीर झाला की आठवड्याभरात त्याच्या नावाची 'संपूर्ण जीवनगाथा' छापून हजर. पानं शंभरच्या आसपास, लेखकाचं दुसरं काही पुस्तक नाही किंवा मग महिन्यात पंचवीस, प्रकाशकाच्या जागी 'स्वतंत्र प्रकाशन'. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकता येतील असा नियम केला. दिवसाला तीन हा निर्बंध ठरतो, यावरून काय ते समजा. नमुना पानं उघडा. कुठल्याही मुलाखतीचा उल्लेख नाही, अल्बमच्या तारखा आणि विशेषणं एवढाच मजकूर, की पान बंद.

स्वतः छापणारे सगळे तसे नाहीत हेही लगेच सांगतो. मेटलवरची उत्तम पुस्तकं छोट्या प्रकाशकांनीच काढली आहेत: बॅझिलियन पॉइंट्स, कल्ट नेव्हर डाइज, फेरल हाउस. त्यांच्या आवृत्त्या संपल्या की पटकन पुन्हा येत नाहीत, तेव्हा रेकॉर्डच्या आधी पुस्तक घ्या.

विद्यापीठीय पुस्तकं बऱ्याचदा मागणीनुसार छापून येतात. ओळखायचं कसं, तर शेवटच्या कोऱ्या पानावर बारकोड आणि छपाईची तारीख असते. मजकूर तोच, पण फोटो राखाडी आणि मळकट. ज्या पुस्तकाचा जीव फोटोंत आहे ते जुन्या ऑफसेट छपाईचंच शोधा. नॉर्वेच्या 'स्लेयर मॅग' या फॅनझिनचे (चाहत्याने काढलेल्या मासिकाचे) सगळे अंक एकत्र केलेला बॅझिलियन पॉइंट्सचा २०११ चा ग्रंथ तसा आहे. सातशेहून जास्त पानं, हातात वीट. पोस्टात त्याचे कोपरे हमखास दबतात, पॅकिंगबद्दल आधीच बोलून ठेवा.

जुनी सुई
पॅकिंगवरून आठवलं. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदी स्लीव्हसकट कव्हरच्या मागे ठेवून पाठवायला सांगा. प्रवासात धक्के बसले की आतली रेकॉर्ड कव्हरची वरची किंवा खालची शिवण फाडते, आणि निअर मिंट कव्हर दारात येईपर्यंत व्हीजी झालेलं असतं. मागे-पुढे एकेक कडक पुठ्ठा, त्यांच्या आतल्या लाटदार नळ्या एकमेकींना काटकोनात, आणि बाहेर कोपरे मोकळे राहतील एवढं मोठं खोकं. सीलबंद रेकॉर्ड असेल तर सील फोडून पाठवा म्हणायची हिंमत ठेवा. संग्राहक मला मारतील, पण मी ऐकायला घेतो.

आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मला एका विक्रेत्याने वाकलेली रेकॉर्ड पाठवली आणि वर 'तुमच्याकडेच उन्हात ठेवली असणार' म्हणाला. व्हिडिओ होता म्हणून पैसे परत मिळाले.

सातवी तार
आणि कर! परदेशातून मागवताना आपल्या देशाचा नियम त्या आठवड्यातला वाचा, गेल्या वर्षीचा नको. युरोपीय संघाने जुलै २०२१ मध्ये छोट्या पार्सलांवरची व्हॅटमाफी काढली. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टअखेर शुल्कमाफी काढली तेव्हा कित्येक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडची पार्सलं काही काळ घेणंच थांबवलं. पुस्तकांवर बऱ्याच ठिकाणी कर कमी किंवा शून्य असतो, रेकॉर्डवर नसतो. दोन्ही एकत्र मागवलं तर बिलावर वेगवेगळ्या ओळीत लिहायला सांगा. पोस्टेजसाठी तीन-चार रेकॉर्ड्स एकाच विक्रेत्याकडून घेणं परवडतं, एकेक मागवली तर पोस्टेजच रेकॉर्डच्या वर जातं.

मेघगर्जना
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नव्वदीतल्या दोन अल्बमसाठी दोन रेकॉर्ड्सवाले रीइश्यू निवडलेत, एक थ्रॅश मूळ युरोपीय प्रत. वॉल्सर लगेच मागवतेय. थ्रॅशवाल्या विक्रेत्याने रनआउटचे फोटो पाठवले आणि सूचीशी जुळतात! फक्त एका बाजूला शेवटचा आकडा वेगळा आहे, सूचीत १, याच्याकडे २. घेऊ का?

जुनी सुई
घ्या. दुसऱ्यांदा कापलेली बाजू असणार. त्याच लेबलची, त्याच काळातली असेल तर काही बिघडत नाही. तो नंबर सूचीत दुसऱ्या एखाद्या पानावर आहे का ते बघा, नसेल तर तुम्हीच भर घाला. मात्र वाजवून ग्रेड केलीय का ते विचारलंत का?

मेघगर्जना
विचारलं. 'पहिली बाजू वाजवली, दुसरी बघितली' असं उत्तर आलंय.

सातवी तार
मग दुसरी बाजू वाजवायला सांगा. शेवटचं गाणं विशेष करून.